टॉवेलाखालचा सौदा

"डाव्या हातानं सौदा? वहिनी, बाजारात तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाई मला!"

"तुमचं तोंड बगायला बाजार थांबलाय व्हय? उजवा हात गेलाय ह्येंचा. हाय त्या हातानं करा!"

सांगलीच्या दवाखान्यात, आयसीयूच्या दारातच लीलाबाईची आणि कृष्णातची अशी जुंपली होती, की बाकीचे नातेवाईक आपापली दुखणी विसरून बघत बसले. आत लीलाबाईचा नवरा आकाराम डोळे मिटून पडला होता. आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारातला नावाजलेला दलाल. भर बाजारात जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकाशी, कृष्णातशी, एका माडग्याळी जातीच्या मेंढ्याचा सौदा चालू होता आणि तेवढ्यात मेंदूत रक्तस्राव होऊन तो कोसळला.

त्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांनी टॉवेलाखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा, चारचौघांना पत्ता लागू द्यायचा नाही. पटलं तर हात दाबायचा, नाही पटलं तर झटकायचा. हात गप्प राहिला तर सौदा अजून चालू आहे, असं समजायचं. आकाराम पडला तेव्हा त्याचा हात कृष्णातच्या हातातच होता. तेव्हापासून बिचाऱ्या कृष्णातला अन्न गोड लागत नव्हतं.

आजची कल्पना मात्र लीलाबाईची. सकाळी डॉक्टर अपूर्वा म्हणाल्या होत्या, "त्यांना कळतंय की नाही, सांगता येत नाही. हात दाबा म्हटलं तर दाबत नाहीत."

"आवं डाक्टर, लगीन झाल्यापास्नं सांगितल्यालं एक काम केलं न्हाई त्या माणसानं! तुमचं काय ऐकतुय? त्येला सौदा दावा, सौदा!"

आणि ती हसत सुटली होती. असंच चाललं होतं तिचं. गावच्या ग्रुपवर कुणीतरी आकारामला भावपूर्ण श्रद्धांजली वाहून टाकली आणि घाईघाईनं पुसली, तेव्हाही ती पदर तोंडात कोंबून हसली होती. भीती पोटात मावत नव्हती, ती अशी हसण्यावाटे बाहेर पडत होती.

शेवटी कृष्णात तयार झाला. सिस्टरनं त्याचा मळका टॉवेल दारातच अडवला. डॉक्टरांना मात्र गंमत वाटली असावी. त्यांनीच धुतलेली चादर दिली आणि दोघांना आत घेतलं.

कृष्णातनं चादरीखाली हात घातला आणि सवयीनं छताकडं बघायला लागला.

"आकाराम, गड्या, मेंढ्याचं बोलू. ह्यो बग माझा भाव."

काहीच नाही. यंत्र आपलं टिंग टिंग करत होतं.

"पाडून मागा की! जिवाला लागंल असं मागा!" लीलाबाई कुजबुजली.

कृष्णातनं दोन बोटं कमी केली. आणि एकदम किंचाळला, "झटकला! आयला, झटकला गं वहिनी!"

सिस्टर धावत आली. डॉक्टरही पुढं झाल्या. "हात आपोआपही हलतो. पुन्हा करा बघू."

कृष्णातनं भाव चढवला. चादर जराशी हलली. त्याचा चेहरा रडवेला झाला आणि मग खदखदून हसू फुटलं.

"डाक्टर, माझी बोटं धरली ह्येनं! त्या दिशी ज्या आकड्यावर आडून बसला व्हता, त्योच आकडा! एक रुपाया सोडत न्हाई बेणं!"

लीलाबाईनं तिथंच एक गिरकी घेतली. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली. डॉक्टरांनी आकारामच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "लक्षण चांगलं आहे मावशी. पण धोका टळलेला नाही. वाचतील का, कितपत सुधारतील, आज नाही सांगता येणार."

लीलाबाईचं हसू विरलं. ती खाटेजवळ आली. सारा जन्म या माणसानं बाजारातल्या सगळ्यांचे हात टॉवेलाखाली धरले, तिचा कधी धरला नव्हता. बायकांचं ते कामच नव्हे, म्हणायचा.

"भावजी, तिकडं तोंड करा."

कृष्णात मुकाट्यानं भिंतीकडं वळला. तिनं चादरीखाली हात घातला आणि आकारामची पाचही बोटं मुठीत धरली. यापुढचा आकडा तिला ठाऊक नव्हता. घरी चला, एवढंच तिचं मागणं होतं. कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली.

"काय म्हणला?" कृष्णातला राहवेना.

"टॉवेलाखालचं भाईर सांगत्यात व्हय?" ती म्हणाली, आणि डोळ्यांतनं पाणी गळत असताना परत खुदकन हसली.

हात दाबला गेला नव्हता. पण त्यानं तो झटकलाही नव्हता.

"मावशी, वेळ संपली," सिस्टर म्हणाली.

"थांब गं पोरी," लीलाबाई हात न काढता म्हणाली, "सौदा चालू हाय आमचा."