किल्लीची जागा

सासरे निवृत्त वनरक्षक. त्यांची बंदूक आजवर कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली असायची. नात रांगायला लागली तसा सुनेने हट्टच धरला आणि बंदुकीसाठी लोखंडी तिजोरी घरात आली.

फिटर ती नुसती ठेवून जाईल, असं सुनेला वाटलं होतं. पण तो भिंतीला कान लावून बोटाने टकटक करत फिरला. "इथे पोकळ आहे, बोल्ट धरणार नाही," म्हणत त्याने जिन्याखालचा कोपरा निवडला आणि भिंतीत दोन, जमिनीत दोन बोल्ट आवळले.

"आता ढकला!"

सुनेने सगळा जोर लावला. तिजोरी तसूभर हलली नाही. मग बंदूक आत गेली, काडतुसं वेगळ्या कुलपाच्या कप्प्यात.

"किल्ली कुठे ठेवणार?" फिटरने विचारलं.

"ते माझं मला ठाऊक," सासरे मिशीत हसले.

सुनेला राहवलं नाही. "चष्म्याच्या घरात ना, बाबा?"

"दुसरं कुठे!" सासूबाई आतून ओरडल्या.

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्याच किल्ल्या तिथे असतात तुमच्या."

फिटरने हसू दाबत किल्लीच्या कुलपाऐवजी बटणं दाबायचं, आकड्यांचं कुलूप बसवून दिलं. गुप्त आकडे ठरवायला सासऱ्यांनी सगळ्यांना अंगणात पिटाळलं. सून दाराबाहेर कान टवकारून बटणांचे आवाज मोजत राहिली. सहा. कोणते सहा, ते तिला अजून कळलेलं नाही, आणि त्यातच तिला निश्चिंत वाटतं.