ईवरची भिंत

कॅमेरावाला सकाळच्या गाडीने थेट बर्गनहून ऑस्लोला आला, आणि इथे भिंतच नाही! म्हणजे भिंत होती, रस्त्याखालच्या बोगद्यात, जागच्या जागी. पण तिच्यावर पोरांनी रंगवलेलं ईवरचं नाव राखाडी रंगाखाली गेलं होतं. छताजवळ अक्षरांचे शेंडे तेवढे उरले होते.

तेवोद्रोसचं डोकं फिरलं. त्याच्या रॅप टोळीची गाणी रेडिओवर लागत नसत; इमारतीखालच्या बॉम्बनिवाऱ्यात तयार व्हायची आणि एका फोनवरून दुसऱ्यावर पसरायची. त्यांचे बोल ईवर लिहायचा, दोन वर्षांपूर्वी मोपेडच्या अपघातात जाईपर्यंत. नवं गाणं त्याच्यावरच होतं आणि चित्रीकरण या नावासमोर व्हायचं होतं. पूर्वी एकदा नगरपालिकेने नाव पुसलं, तेव्हा पोरांनी आठवड्याभरात पुन्हा काढलं होतं. नगरपालिकेवर चिडणं सोपं असतं, ती काही समोर येऊन उभी राहत नाही.

"नगरपालिका नाही या वेळी," ठेके बनवणारा झीशान म्हणाला. "आज वसाहतीचं श्रमदान आहे. जिन्यात केव्हाचा सूचनेचा कागद लागलाय."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"आपण श्रमदानाला जात नाही, हे तूच गाण्यात घातलंयस ना? दुसऱ्या कडव्यात!"

बोगद्याच्या पलीकडे सगळी वसाहत जमली होती. कोणी पालापाचोळा ओढत होतं, कोणी बाकं घासत होतं. तेवोद्रोसची आई वाफलवर तपकिरी चीज ठेवून वाटत होती. सगळे इतके खुशीत, की ओरडायचीही सोय नाही. त्यामुळे तो आणखीच भडकला.

"भिंत कोणी रंगवली?"

आईने त्याच्या हातात वाफल कोंबलं. "आधी खा. आणि आवाज खाली."

"कोणी, आई?"

"मी," मागून तुरिल म्हणाली. ईवरची आई. हातात रोलर, कपाळावर राखाडी ठिपका. "श्रमदानात मीच मागून घेतली ती भिंत. रोज बसथांब्यावर जाताना तो समोर, तेवोद्रोस. येताना पुन्हा समोर. नगरपालिकेने पुसलं तेव्हा आठवडाभर नीट चालत घरी आले. मग तुम्ही परत काढलंत."

"आम्हाला सांगायचंस तरी!"

"आज सांगणार होते. श्रमदानाला सगळेच येतात. वाटलं, तुम्हीही याल."

 तेवोद्रोसला राग तर आला होता, पण काढायचा कोणावर?

"तो आमचाही होता," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे रे."

तुरिल बोगद्याच्या तोंडाशी गेली आणि तिने छताजवळ उरलेल्या शेंड्यांकडे वर पाहिलं. "एवढ्या उंच पोचलात कसे?"

"झीशानच्या खांद्यावर."

ती हसली, अगदी क्षणभर. मग तिने रोलर पुढे केला. "माझा हात नाही पोचत."

"सुरू करू का?" कॅमेरावाल्याने लांबून विचारलं.

"बंद ठेव ते!" तेवोद्रोस खेकसला.

झीशान भिंतीशी जाऊन उकिडवा बसला. तेवोद्रोसने वाफल आईच्या हातात परत दिलं, रोलर घेतला आणि त्याच्या खांद्यावर चढला.