आठ हात पाण्याखालची झाकणी

मी झाकणी बोलतेय. हो, पातेल्यावरचीच. अंगावर काळा-पांढरा रंग बघून बुजू नका, आतून मी तीच आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. एका दणक्यात गोल झाले आणि विकली गेले ती थेट धक्क्याजवळच्या खानावळीत. खानावळवाली चार यत्ता शिकलेली, पण तिच्यापुढे तोंड उघडायची भल्याभल्यांची छाती नव्हती. अकरा वर्षं मी तिच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यावर बसले. वाफ खाल्ली, चटके खाल्ले, आणि ती चिडली की पहिली आदळआपट माझीच. अशाच एका आदळआपटीत माझी मूठ निखळली आणि मधोमध भोक पडलं. "भोकाची झाकणी नि गळकी होडी, ठेवून करायचंय काय?" असं म्हणून तिने मला मोरीपाशी भिरकावलं. सहा महिने मी तिथे खरकट्या पाण्याची धार बघत पडले होते.

तिचा नवरा नावाडी. पाहुण्यांना होडीतून नेऊन तो समुद्रातली पोवळी दाखवायचा. अंगठीतली नव्हेत, पाण्याखालचं जिवंत पोवळ्यांचं अख्खं रान, त्यात रंगीत मासे. पाहुणे ती बघून भुकेले परतायचे आणि खानावळीत जेवायचे. त्यावर त्यांचा संसार चालायचा. पण दर पावसाळ्यात ओढा डोंगरावरची लाल माती आणून समुद्रात ओतायचा. ती पोवळ्यांवर बसायची आणि बिचाऱ्यांचा श्वास कोंडायचा. पाहुणे होडीतून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "यात काय बघायचं? चहा?"

एकदा समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई जेवायला आल्या. त्या म्हणाल्या, "पाणी किती स्वच्छ आहे ते मोजायचंय ना? गोल तबकडी काळी-पांढरी रंगवा, दोरीला बांधून भर दुपारी खाली सोडा. किती खोलवर दिसते ते बघा."

खानावळवालीने इकडे तिकडे बघितलं आणि मला उचललं. भोक तर आयतंच होतं! वजनाला खाली बत्ता लटकवला. नवऱ्याने आपल्या हाताच्या मापाने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दोरीला एकेक गाठ मारली. पहिल्या दिवशी चौथ्या गाठीलाच मी गायब.

"चारच हात?" ती कडाडली. "माझ्या पातेल्यात याहून खोलवर दिसतं!"

मला काखेत मारून ती ओढ्याच्या काठाने वर चढली. वर तिच्या दिराचं शेत. नांगर थेट काठापर्यंत घातलेला, गुरं ओढ्यात डुंबताहेत.

"भाऊजी, तुमचं शेत समुद्रात चाललंय."

"वहिनी, आधी तुमची मोरी बघा. तिचं तेलकट पाणी कुठे जातं? या ओढ्यातच ना?"

ती गप्प बसली. अकरा वर्षांत मी तिला पहिल्यांदा गप्प बसलेली पाहिली.

दुसऱ्या दिवशी तिने मोरीमागे खड्डा खणला, खडी भरली, भोवती कर्दळ लावली. ओढ्यात एक थेंब जाईना. मग पुन्हा डोंगर चढली. "माझी मोरी झाली. आता तुम्ही बोला."

दीरही तिच्याच तोडीचा. तो म्हणाला, "दोन पावसाळे देतो. काठाची दहा पावलं जमीन सोडतो, वाळ्याचं गवत लावतो, झाडं लावतो. गुरांना वरच हौद बांधतो. पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर ही झाकणी दहा हातांवर दिसली नाही, तर नांगर पुन्हा काठापर्यंत."

"दिसेल."

"आणि नाही दिसली तर?"

"तर या विषयावर मी तोंड उघडणार नाही."

"मग मला दोन्हीकडून फायदाच की!" दीर हसला.

पहिल्या पावसाळ्यानंतर मी सहा हातांवर दिसले. दुसऱ्या वर्षी दोरी कुजली. खानावळवालीच्या सासूबाईंना वाटलं, आपलाही हातभार लागावा. त्यांनी गुपचूप नवी दोरी आणली आणि बसल्या बसल्या गाठी मारून ठेवल्या.

ठरलेल्या दिवशी सगळे होडीत बसले. सासूबाईही हट्टाने आल्या. मला खाली सोडलं. "सात... आठ... नऊ... दहा!" नावाडी ओरडला. सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. दिराचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र पाण्याखाली कळलं होतं, की मी दहा हात आलेच नाही. सांगणार कुणाला?

मला वर ओढताना खानावळवाली थबकली. दहा गाठी फारच लवकर संपल्या. तिने नवऱ्याचा हात धरून दोरीला लावला. प्रत्येक गाठ चार बोटं कमी.

"या गाठी कुणी मारल्या?"

"मी मारल्या," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हाताने अगदी नीट मोजून."

त्यांचा हात तो केवढा! नावाडी कुजबुजला, "अगं, राहू दे ना. त्याला कुठे कळलंय?"

"मला कळलंय ना!"

पुन्हा मोजलं. आठ हात. जेमतेम.

"हरले, भाऊजी," ती म्हणाली. "घाला नांगर." आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

दिराने तळाला काच लावलेली पेटी पाण्यावर धरली आणि बराच वेळ खाली बघत राहिला. मी आठ हातांवर लोंबकळत होते, भोवती दोन पिवळे मासे घुटमळत होते. त्यांच्यामागे पोवळ्यांच्या एका फांदीला नवं, बोटाएवढं टोक फुटलं होतं.

"वहिनी," तो मान वर न करता म्हणाला, "दर वर्षी पावसाळा सरला की मी काठावर माती वाहून टाकायचो. यंदा एक टोपलीही लागली नाही. गवताने सगळी धरून ठेवली. मुद्दामच सांगितलं नाही, म्हटलं डोक्यावर बसाल."

ती गप्पच.

"नांगर नाही घालत. आणखी दोन पावसाळे बघू. पण गाठी माझ्या हाताने मारायच्या."

ती तरी गप्पच. दीर कासावीस झाला. "अहो, आता बोला की! मी सोडवलं तुम्हाला शब्दातून. असं बरं नाही वाटत."

"मग एवढा वेळ काय झोपला होतात?" ती उसळली, आणि धक्का येईपर्यंत एकटीच बोलत राहिली. दीर हसत ऐकत होता.

आता मी होडीतल्या खुंटीवर लटकते. माझ्या रंगाचे पोपडे उडालेत, कडेला पोचा आलाय. पण पाहुणे पुन्हा येऊ लागलेत, आणि मला खाली सोडायला त्यांच्यात भांडणं लागतात. पातेल्यावर असताना माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, हे लक्षात घ्या.

तुम्हीही या. मला सावकाश सोडा. दिसेनाशी झाले, तर डोळे चोळत बसू नका की मला नावं ठेवू नका. मान वळवा आणि डोंगराकडे बघा. आणि नवव्या हातावर दिसले, तर मोठ्याने ओरडा. मला खाली ऐकू येतं.