केझायाची लेक कोण?

लेम मेअर ओढ्याकाठची शेतं इतकी उभी, की माणूस आपल्या शेतात घसरला तर थेट खालच्या शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन आदळतो, आणि तिथं जेवल्याशिवाय त्याला कुणी वर जाऊ देत नाही. असं घसरता-जेवता केंटकीच्या त्या डोंगरात सगळेच एकमेकांचे सोयरे झाले. पण सोयरं असणं निराळं आणि कोर्टात ते सिद्ध करणं निराळं. डेल्फिया बेग्लीला ते सिद्ध करायला सोमवार सकाळपर्यंतची मुदत होती, आणि आज शनिवार उजाडला होता.

खडीच्या खाणवाल्यांनी वरचा अख्खा कडा विकत घेतला होता. कड्यावर एकच थडगं. ओबडधोबड दगड, त्यावर खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं, के आणि जी. केझाया गॅबर्ड. तिच्या रक्ताचं कुणी पुढं आलं तर थडगं जागच्या जागी राहणार, नाहीतर खाणवाले ते ‘हलवणार’. हलवणार म्हणजे काय, ते ओढ्याकाठच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. दोन फावडी माती एका खोक्यात, आणि बाकी सुरुंग.

डेल्फिया केझायाच्याच वंशातली. निदान तिचा बाप तसं सांगत आला होता. दोन वर्षं तिनं कचेऱ्यांची धूळ खाल्ली. जमिनीच्या खरेदीखतात केझाया सापडली. नवऱ्यानं तुकडा विकला तेव्हा पंचांनी तिला बाजूच्या खोलीत नेऊन विचारलं होतं, ‘बाई, सही राजीखुशीनं करतेस की याच्या धाकानं?’ आणि तिनं फुली मारली होती. शिरगणतीत मात्र नाव एकट्या नवऱ्याचं. घरातल्या बाकीच्यांच्या वयाप्रमाणे नुसत्या रेघा. त्यातली एक रेघ म्हणजे टॅबिथा, डेल्फियाच्या आजोबांची आजी, हे डेल्फियाला पोटातून ठाऊक होतं. पण पोटातलं कोर्टात चालत नाही. लग्नाची दप्तरं कचेरीबरोबर जळून गेलेली. एका तीरावर केझाया, दुसऱ्या तीरावर टॅबिथा आणि मधे राख.

उरली होती एक मंडळीची, म्हणजे ओढ्याकाठच्या चर्चची, जुनी वही. ती असायची चिटणीस आर्विल टर्पिनच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. महिन्यातून एकदा, आजच्यासारख्या शनिवारी भरणाऱ्या सभेत, मंडळीच्या संमतीनंच ती उघडायची. आणि आर्विल डेल्फियाशी सात वर्षं बोलत नव्हता.

त्याला कारण होतं. आपल्या घराण्याच्या छापील पुस्तिकेत डेल्फियानं लिहून टाकलं होतं, की आर्विलचा पूर्वज हायरम टर्पिन यानं गॅबर्डांच्या चतुःसीमेवरचा खुणेचा पांढरा ओक रात्रीत तोडला आणि त्यांची जमीन गिळली. आधार काय, तर बाप सांगायचा. पुस्तिका तालुकाभर खपली. टर्पिनांचं घर सोडून.

“आज तोंड आवरून बस,” सभेत शेजारी बसलेली भावजय ओव्हा कुजबुजली. “त्याला वही उघडू दे, मग काय ते भांड.”

“मी भांडते कधी?”

“नाही गं बाई. तू फक्त छापतेस.”

प्रार्थनाघरात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, आणि सगळ्यांनी एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायची रीत. मागच्या बाकावर खाणीचा वकील व्हिटलॉक, गुडघ्यावर टोपी ठेवून, प्रेताला खांदा द्यायला आल्यासारखा गंभीर. गीत संपलं. मंडळीचे धर्मोपदेशक एस्टिल पाळक उठले. त्यांचा आवाज असा, की दोन टेकड्यांपलीकडची गाय दूध द्यायची थांबायची.

“मंडळीत शांती आहे का? कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का?”

हा प्रश्न दर महिन्याचा. कुणी उभं राहिलं नाही की कामकाज सुरू. पण कुणी उभं राहिलं, तर तेवढी तक्रार मिटेपर्यंत दुसरं काही काम घ्यायचं नाही, मग महिना जावो की वर्ष.

आर्विल उभा राहिला.

ऐंशीच्या घरातला, ताठ, काखेत वही. “माझ्या मनात आहे. बहीण डेल्फियाविषयी. तिनं माझ्या वाडवडिलांना चोर म्हटलंय. छापून.”

ओव्हानं डोळे मिटले. मागे व्हिटलॉकनं घड्याळाकडे पाहिलं आणि टोपी उचलून तो उठला. त्याचं काम झालं होतं. पुढची सभा महिन्यानं, आणि सुरुंग त्याच्या आत.

“बहीण डेल्फिया,” पाळक म्हणाले, “शब्द मागे घेतेस?”

घेते म्हणायला काय जात होतं? दोन अक्षरं, आणि केझाया वाचली असती. पण डेल्फियाच्या तोंडून ती निघेनात. बाप खोटं बोलत होता असं चारचौघांत म्हणायचं, तेही केवळ सोमवार जवळ आला म्हणून?

“खोटं असेल तर घेते,” ती उठून म्हणाली. “खोटं कशावरून, ते आर्विलभाऊंनी सांगावं.”

“कशावरून म्हणजे? हायरम मरेपर्यंत या मंडळीत होता! चोराला मंडळीनं ठेवलं असतं होय?”

“मंडळीनं त्याची चौकशी केली होती?”

“केली तर! ओकाचं भांडण इथंच आलं होतं, माझी आजी सांगायची.”

“मग ते तुमच्या काखेत आहे, भाऊ. उघडा.”

आर्विलनं काखेतल्या वहीकडे असं पाहिलं, जणू ती त्याला चावली.

“उघड, आर्विल,” पाळक म्हणाले. “तक्रार तुझी, पुरावाही तुझ्याचकडे.”

“मी... मी तक्रार मागे घेतो.”

“घे. मग मंडळीत शांती आहे. म्हणजे डेल्फियाची विनंती पुढे घ्यायला मोकळे. तिलाही वहीच हवी आहे.”

कुणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. व्हिटलॉक पुन्हा बसला होता. आर्विलचं तोंड मात्र पांढरं पडलं, आणि तेव्हा कुठं डेल्फियाच्या ध्यानात आलं, की यानं ते पान आयुष्यात वाचलेलं नाही. वाचायला घाबरत आलाय.

“हायरम निर्दोष निघाला,” ती म्हणाली, “तर मी इथं, सगळ्यांदेखत, गुडघे टेकून माफी मागेन.”

“गुडघे बघ तुझे आधी!” ओव्हा म्हणाली.

आर्विलनं चष्मा लावला. तपकिरी शाई, कोळ्याच्या जाळ्यासारखं अक्षर.

“सन अठराशे अकरा, ऑगस्टचा तिसरा शनिवार. बहीण केझाया गॅबर्ड हिनं भाऊ हायरम टर्पिन यावर आरोप ठेवला, की त्यानं सीमेचा ओक पाडला. साक्षीदार विचारता तिची लेक टॅबिथा, एनॉस बेग्लीची बायको, उभी राहिली...”

ओव्हानं डेल्फियाचा दंड इतका आवळला की वळ उठला. मागे व्हिटलॉकची पेन्सिल थांबली.

आर्विलही थांबला होता. पुढच्या ओळीवर त्याचं बोट अडलं होतं. डेल्फियाला हवं ते मिळालं होतं. ‘पुरे’ म्हटलं असतं तर तिचे गुडघे वाचले असते, आणि त्याचा हायरमही, चोर असो की साव, झाकलेला राहिला असता. आर्विलनं वर पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं. विनवत होता.

“पुढे वाचा, भाऊ,” ती म्हणाली. “माझा बाप खरं सांगत होता की खोटं, ते मला कळू दे.”

“मंडळीनं चार शेजारी पाठवले. त्यांना बुंधा वीज पडून फाटलेला, आत कोळसा झालेला आढळला. भाऊ हायरम... निर्दोष.” त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा चढवला. “बहीण केझायानं शब्द मागे घ्यायला नकार दिला. सबब, खोटा आरोप करणारी म्हणून तिला मंडळीबाहेर काढलं.”

म्हणून ती वर कड्यावर. मंडळीच्या दफनभूमीच्या कुंपणात जागा नाही, म्हणून एकटी.

डेल्फियाचा चेहरा दगडासारखा झाला. मग ती बाकाचा कठडा धरून खाली गेली. आधी एक गुडघा, मग शिवी गिळून दुसरा. “मी आधाराशिवाय छापलं, आर्विलभाऊ. माफ करा.”

“उठ, उठ बाई,” आर्विल घाईघाईनं म्हणाला. “आता तुला उचलायला चार माणसं लागतील. नक्कल हवी ना? सगळी देतो. एक शब्द गाळणार नाही.”

खरंच त्यानं गाळला नाही. सोमवारी कोर्टात ती नक्कल व्हिटलॉकनं दोन बोटांत धरली आणि न्यायाधीशांकडे पाठ करून डेल्फियासमोर उभा राहिला.

“बाई, तुमच्याच कागदात लिहिलंय. ही बाई खोटा आरोप करणारी, मंडळीनं हाकललेली. बेग्लींसारख्या घराण्यानं हिच्यावर हक्क सांगावा? जरा विचार करा. नीट विचार करून सांगा, तुमची ती हीच?”

“हीच,” डेल्फिया म्हणाली.

न्यायाधीशांनी थडगं हलवण्याचा खाणीचा अर्ज फेटाळला.