उसळीची जागा

सरांनी पडद्याजवळ नाक नेलं, चष्मा वर केला, खाली केला आणि दोन्ही आलेख पुन्हा एकावर एक ठेवून पाहिले. रेघेवर रेघ बसली होती. तसूभर फरक नव्हता.

“जुळलं ना, सर?” भिंगरीनं विचारलं.

सरांनी आलेख आणखी मोठा केला. ही त्यांची निवृत्तीआधीची शेवटची विद्यार्थिनी. एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही, म्हणून त्यांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. वर्षभर ती दर रविवारी लॅपटॉप घेऊन यायची, कारण दोघांचं उत्तर जुळत नव्हतं.

प्रश्न सांगायला सोपा होता. धरणाच्या उतारावरून सुसाट आलेलं पाणी खालच्या कालव्यात एका जागी उसळतं आणि तिथंच ठाण मांडतं. ती जागा नेमकी कुठली? सरांचा प्रोग्रॅम कोरड्या कालव्यात पाणी सोडायचा. लाटा टोकाला आपटायच्या, परत यायच्या, पुन्हा आपटायच्या. सगळं निवून उसळी स्थिर होईपर्यंत दिवसचे दिवस जायचे. सरांना त्याचं काही वाटत नसे. बायको गेल्यापासून सकाळी उठून आतल्या खोलीतल्या संगणकापाशी जायला आणि “काय म्हणतंय पाणी?” असं विचारायला तेवढंच एक निमित्त होतं.

भिंगरीला त्या प्रवासाशी देणंघेणं नव्हतं. तिच्या पद्धतीत कालव्याच्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब आपापल्या वेगानं पुढे पळायचा, टोकाला गेलेली लाट परत यायचीच नाही, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत उत्तर हजर! फक्त तिची उसळी दरवेळी सरांच्या जागेपासून जराशी सरकलेली असायची. मग दोघं चूक शोधायची, तावातावानं भांडायची आणि चहा गार व्हायचा.

आज जुळलं होतं. जुळलं म्हणजे संपलं. पुढच्या रविवारी हिनं यावंच कशाला? मुलगा परगावाहून फोन करायचा. ‘जेवलात? औषध घेतलंत?’ की झाल्या गप्पा.

“पाणी वाढवून बघ,” ते म्हणाले.

तिनं वाढवलं आणि सरांच्या जुन्या उत्तराशी ताडून पाहिलं. जुळलं.

“उतार कमी कर.”

तेही जुळलं. छे! कशानं म्हणून बिघडेना.

आयुष्यभर ज्या माणसानं कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही, तो माणूस घसा खाकरून म्हणाला, “टोकाशी घोळ आहे. लाट थोडी परत येतेय. पुढच्या रविवारी नीट बघू.”

भिंगरीनं पडद्याकडे पाहिलंच नाही. ती सरांकडे पाहत राहिली. सरांचे कान लाल झाले. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

“सर,” ती हळूच म्हणाली, “टोकाचा घोळ केव्हाच सुटला. तेव्हापासून इथं येताना एक आकडा मीच मुद्दाम बिघडवून आणायचे.”

“अगं, पण का?”

“मग रविवारी मी कुठं गेले असते?”

सरांना रागवायला हवं होतं, पण राग काही येईना. इतक्या मुरलेल्या नजरेला ती चूक दिसली नव्हती, की दिसूनही आपण कानाडोळा केला होता, हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

“मग आज का नाही बिघडवलंस?”

“उद्या निघतेय, सर. नोकरी लागली. खूप लांब आहे.” ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली. “तुमच्यापाशी खोटं उत्तर ठेवून जाववेना.”

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“शाब्बास,” ते कसेबसे म्हणाले. “जायच्या आधी एकदा चालवून दाखव. अगदी सावकाश.”

“सर, ही पद्धत सावकाश चालतच नाही हो.”

“मग पुन्हा पुन्हा चालव.”