पेपरचा केक

आमच्या विमानतळावर दोन प्रकारचे केक खाल्ले जातात. कामात चूक केली की चुकणाऱ्याने सगळ्यांसाठी केक आणायचा, तो चुकीचा केक. पेपरात फोटो आला की फोटोवाल्याने आणायचा, तो पेपरचा केक. चार वर्षांत मी अकरा केक आणले, सगळे चुकीचे. आस्गरने पाच आणले, पाचही पेपरचे.

आस्गर आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो. जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा विमानतळ एवढा लहान आहे, की आग विझवणारेच बॅगा चढवतात, इंधन भरतात आणि गवतही कापतात. आग कधी लागत नाही, त्यामुळे आम्ही मुख्यतः गवत कापतो. तरी आस्गर पेपरात. एकदा त्याने धावपट्टीवरून हरणाचं पाडस उचलून बाहेर नेलं. एकदा करकोचा. एकदा तर तो नुसता सॉसेज खात उभा होता आणि पुढून मंत्री गेला.

हेही मी सहन केलं असतं. पण गावातल्या बेकरीत गल्ल्यावर माझी आई बसते. आस्गर केक सांगायला गेला की ती त्याच्याकडून कात्रण मागून घेते आणि मागच्या भिंतीवर लावते. माझ्या आईच्या भिंतीवर पाच आस्गर आहेत. मी गेलो की ती चष्मा वर करून विचारते, आता काय केलंस? आणि जे केलं असेल ते साखरेच्या अक्षरांत केकवर लिहिते. 'ओस्लोच्या बॅगा माल्लोर्काला.' 'जिना इथे, विमान तिथे.'

मला एकच गोष्ट हवी होती. भिंतीवरचा सहावा फोटो माझा.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारी अडीचला, टॉवरवरून फोन आला. आठ आसनांचं एक खासगी जेट उतरायला आलं होतं आणि त्याचं डावं चाक काही केल्या बाहेर येत नव्हतं. आत दोन वैमानिक आणि बिजागऱ्या बनवणाऱ्या कंपनीची चार माणसं. इंधन जाळून संपवायला ते तासभर वरच घिरट्या घालणार होतं.

आमची प्रमुख लीसबेट हिने कामं वाटली. फेसाची तोफ असलेला पहिला बंब आस्गरकडे, धावपट्टीच्या टोकाला, जिथे विमान थांबायचं होतं. दुसरा बंब माझ्याकडे, मध्यावर, कडेला, जिथे काहीच व्हायचं नव्हतं. माणसं उतरली की त्यांना विमानापासून लांब नेणं हे माझं काम. मी विचारलं, तोफ मला का नाही? ती म्हणाली, कारण तू एस्किल आहेस.

कुंपणापाशी पेपरची सोल्वाई कॅमेरा घेऊन पोचली होती. आस्गर हेल्मेट घालताना तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. काही लोक असे न बघताच फोटोत येतात. मी बघून, केस विंचरून, पोट आत घेऊनही कधी आलो नव्हतो. त्या तासाभरात मला विमानाचाही हेवा वाटायला लागला. याचं एक चाक अडकलं तर अख्खा जिल्हा माना वर करून बघतोय. माझं गेली चार वर्षं सगळंच अडकलंय.

तेवढ्यात आईचा फोन आला. बेकरीत बातमी पोचली होती.

"एस्किल, आस्गर नीट आहे ना रे?"

"आहे. मीही आहे."

"तू काय, कडेलाच असशील."

विमान आलं. वैमानिक बाईने ते उजव्या आणि पुढच्या चाकावर टेकवलं आणि डावा पंख जमेल तितका वेळ वर धरून ठेवला. मग पंख बसला. ठिणग्या उडाल्या, विमान गर्रकन डावीकडे वळलं, धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि थांबलं. माझ्या बंबापासून चाळीस पावलांवर. आस्गर एक किलोमीटर लांब होता. त्या क्षणी मला त्या डाव्या चाकाबद्दल जे वाटलं, ते आजवर कुठल्याही मुलीबद्दल वाटलेलं नाही.

मी बंबातून उडी मारली आणि वाचवायला धावलो. अडचण एवढीच होती, की वाचवून घ्यायला कोणी तयार नव्हतं. पंख टेकल्यामुळे दार जवळपास जमिनीला लागलं होतं आणि माणसं बसमधून उतरावीत तशी उतरून चालत येत होती. एकाच्या हातात कॉफीचा कप होता, भरलेला. मी म्हटलं, मी तुला उचलून नेतो. तो म्हणाला, सांडेल.

एव्हाना आस्गर पोचला होता आणि पंखावर फेस मारत होता. सगळ्यात शेवटी कंपनीची मालकीण उतरली, रागन्हिल, सत्तरीची, ताठ.

"मी तुला उचलू का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही. फोटो आहे."

तिने कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठपर्यंत?"

"त्या पिवळ्या खुणेपर्यंत."

"केसांना हात लागता कामा नये."

मी तिला उचललं. बिजागऱ्यांचा धंदा केलेल्या बाईच्या मानाने ती हलकी होती. चेहऱ्यावर काळजी आणि थोडं शौर्य आणून मी सावकाश निघालो. दहा पावलं गेलो असेन. रागन्हिल माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"तुमची गाडी निघाली," ती म्हणाली.

"आस्गरची असेल," मी म्हटलं.

आस्गरची नव्हती. बंब गिअरमध्येच ठेवून मी उडी मारली होती. गवत कापायच्या यंत्राच्या वेगाने तो एकटाच विमानाकडे गेला आणि पुढच्या चाकाला लागला. चाक मोडलं, आणि विमानाने नाक हळूच गवतात टेकवलं. तोफ सोडून आस्गर धावत आला, चालत्या बंबात चढला आणि त्याने ब्रेक दाबला. कुंपणापाशी कॅमेरा वाजला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आस्गर होता, एक पाय बंबात, एक हवेत. खाली लिहिलं होतं, 'प्रसंगावधान'. फोटोच्या अगदी कडेला रागन्हिलचे बूट आले होते आणि एक कान. कान माझा.

कॉफीच्या वेळी वाद झाला, की कान म्हणजे फोटो का? निम्मे म्हणाले, तोंड हवं. आस्गर माझ्या बाजूने बोलला, कान काय स्वतःहून आला नाही, म्हणाला. त्याचा हा चांगुलपणाच मला सगळ्यात असह्य होतो. शेवटी लीसबेटने निकाल दिला: एस्किलने चाकाबद्दल एक चुकीचा केक आणायचा आणि कानाबद्दल एक पेपरचा.

बेकरीत आम्ही दोघं बरोबरच गेलो. आईने माझ्या पहिल्या केकवर 'हेही चाक' असं लिहिलं. दुसऱ्यावर काय लिहू, म्हणाली. चार वर्षं ज्याची वाट पाहिली त्यावर काय लिहायचं हे मी ठरवलंच नव्हतं. तिने थोडा विचार केला आणि 'कान' लिहिलं. आस्गरच्या केकवर नेहमीसारखे कागदी झेंडे टोचले, बास.

मग मी भिंतीकडे पाहिलं. सहावं कात्रण आधीच लागलेलं होतं, मधोमध आस्गर. जवळ गेलो तेव्हा दिसलं, की कडेला पेनाने एक बाण काढला होता, थेट कानापर्यंत, आणि बाणाच्या मागे आईच्या अक्षरात एकच शब्द होता. 'माझा'.

आस्गरही त्या बाणाकडे बघत उभा राहिला. मग त्याने स्वतःचे बाकीचे पाच फोटो पाहिले, एकेक करून, कडा तपासत.

"माझ्यावर कुठेच बाण नाही, मार्ग्रेते," तो आईला म्हणाला.

"तुला कशाला हवा? तू दिसतोसच की."

केक उचलून तो गाडीकडे निघाला तेव्हा त्याचं तोंड मला फार ओळखीचं वाटलं. चार वर्षं मी ते रोज दाढी करताना बघत आलो होतो.