काउंटरला बांधलेला मोबाइल

गारखेड्यातल्या डॉक्टर इंद्रजीत यांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळत सत्यशीलाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत तिनं लोकांची किती गुपितं पाहिली असतील, त्याची मोजदाद नाही. कुणाला कसला आजार आहे, कोण कशाच्या गोळ्या घरच्यांपासून लपवून खातंय, सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं आणि तिथंच थांबायचं. सख्ख्या आईपाशीसुद्धा तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. अशा बाईला एका सोमवारी सकाळी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि पेशंटच्या बापासमोर विचारलं, "तूच सांगितलंस ना?"

तो बाप म्हणजे देवगाव रंगारीचे काकासाहेब, चांगले चाळीस एकरांचे धनी. सत्यशीलाही त्याच गावची. तिचे वडील मल्हारराव मेंढ्यांवाले. दर उन्हाळ्यात काकासाहेबांच्या रानात मेंढ्या बसवायचे. रानाला खत व्हायचं आणि मेंढ्यांना ठिकाण मिळायचं. काकासाहेबांच्या श्रेयाला सोळाव्या वर्षी दोनदा फिट आली होती. या दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर सहा वर्षांत एकदाही आली नाही. मुलगी एमएस्सी झाली, लग्न ठरलं, साखरपुड्याची तारीख निघाली आणि गेल्या आठवड्यात मुलाकडून निरोप आला. मुलीला फिट येते हे आम्हाला कळलंय, सोयरीक मोडली समजा. त्यांना गोळीचं नाव ठाऊक होतं, किती पॉवरची तेही ठाऊक होतं.

"गोळीचं नाव आम्हाला नीट घेता येत नाय," काकासाहेब गरजले. "त्यांना कुणी सांगितलं? आमच्या गावचं इथं दुसरं हाये कोण?"

"काका, मी कशाला सांगू? श्रेया मला लहान बहिणीसारखी..."

"बहीण-बिहीण काढू नको. तुझ्या बापाला सांगून ठेव, यंदा मेंढ्या दुसरीकडं बसवायच्या."

सत्यशीलानं डॉक्टरांकडं पाहिलं. नऊ वर्षांत एकदा तरी तिच्या हातून काही निसटलं होतं का, एवढं जरी ते म्हणाले असते तरी पुरलं असतं. डॉक्टर पेनचं टोपण काढत होते, लावत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी कुणी केली ते शोधायचं नाही आणि सगळ्यांत गरीब कोण ते बघून त्याच्या अंगावर ढकलायचं, ही कुठली रीत?

तिला दोन महिन्यांपूर्वीची श्रेया आठवली. तपासणीला आली होती. बाप बाहेर बसल्यावर हळूच म्हणाली होती, "ताई, त्याला मीच सांगणार हाये. साखरपुड्याच्या आधी, समोर बसवून. कसं सांगू ते तेवढं सांगा." दोघींनी मिळून वाक्यं जुळवली होती. पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं ठरवलेलं कुणीतरी परस्पर विकून टाकलं होतं. सत्यशीलाला स्वतःवरच्या आळापेक्षा याचाच संताप जास्त आला.

फाईल बाहेर गेली कशी, याचं उत्तर काउंटरवरच लोंबत होतं. वर्षापूर्वी दवाखान्याच्या सगळ्या फाईली कॉम्प्युटरवर चढल्या तेव्हा सॉफ्टवेअरवाला शिवम येऊन नीट समजावून गेला होता. नुसता पासवर्ड पुरत नाही. पासवर्ड टाकला की मोबाइलवर सहा आकडी कोड येईल आणि तो टाकल्याशिवाय फाईल उघडणार नाही. ज्याचं खातं त्याच्या नावाचं, आणि कोड त्याच्याच फोनवर. डॉक्टर म्हणाले, "पाच जणांचं कोण करत बसणार? सगळं माझ्या एकट्याच्या नावावर कर." मग काय, डॉक्टर आत पेशंट तपासतायत आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी कोड विचारायला पळतंय. चौथ्या दिवशी वैतागून त्यांनी घरातला जुना मोबाइल आणला, त्यात कोडसाठी नवं सिम घातलं आणि बँकेत पेन बांधतात तसा बँडेजच्या पट्टीनं काउंटरला बांधून टाकला. पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनच्या कडेला आधीपासून चिकटवलेली होतीच. दाराला दोन कुलपं लावायची आणि दोन्ही किल्ल्या कडीलाच अडकवायच्या, असला तो कारभार! सत्यशीला तेव्हाच बोलली होती. डॉक्टर हसून म्हणाले होते, "आपलीच माणसं आहेत गं सगळी."

काकासाहेब पाय आपटत निघून गेले. सत्यशीला सरळ काउंटरवर आली, पट्टी सोडली आणि मोबाइल हातात घेतला. आजवर आलेला प्रत्येक कोड त्यात तारीख-वेळेसकट तसाच होता. कुणाला पुसायचं सुचलं नव्हतं. मग तिनं श्रेयाची फाईल कोणकोणत्या वेळी उघडली गेली त्याची यादी काढली. नाव सगळीकडं डॉक्टरांचंच. पण तपासणीच्या दिवसाखेरीज फाईल एकदाच उघडली होती: मागच्या महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी तीन बावन्नला. मोबाइलवर कोड आला होता तीन एक्कावन्नला.

रविवारी दवाखाना बंद. शनिवारी संध्याकाळी हा मोबाइल चार्जिंगला वरच्या मजल्यावर जायचा, डॉक्टरांच्या घरी. आणि त्या रविवारी डॉक्टर पुण्याला परिषदेला गेले होते. तिकीट सत्यशीलानंच काढलं होतं.

तिनं यादी छापली, मोबाइल उचलला आणि दोन्ही नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "सर, वाचा," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी वाचलं.  मग त्यांनी वर फोन लावला. डॉक्टरांची बायको, सोनिया वहिनी, खाली आल्या, ओल्या हातांनीच. लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"अहो, मी कुठं चोरी केली? भिशीतल्या काकूंनी विचारलं, तुमच्याकडं येते ती मुलगी, आमच्या भाच्याचं तिच्याशी ठरतंय, जरा चौकशी करा. स्थळाची चौकशी कोण करत नाही? मी खाली येऊन फाईल उघडली आणि फोटो पाठवला. उद्या लग्नानंतर कळलं असतं तर दोन्ही घरं..."

"वहिनी," सत्यशीला म्हणाली, "ती पोरगी स्वतः सांगणार व्हती."

"मला काय माहीत?"

"तिला इचारलं असतं तर माहीत झालं असतं."

 डॉक्टरांनी वहिनींना वर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मग ते अगदी मऊ आवाजात बोलायला लागले. चूक झाली. तुझ्यावर संशय घ्यायला नको होता. आजच शिवमला बोलावतो, प्रत्येकाचं वेगळं खातं करतो, कोड ज्याच्या त्याच्या फोनवर. काकासाहेबांनाही फोन करतो. "सांगतो की बाहेरच्या कुणीतरी हॅक केलं. तुझं नाव साफ होईल. घरातली गोष्ट घरात राहू दे, काय?"

सत्यशीलानं मान हलवली नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं बापाच्या मेंढ्या होत्या.

संध्याकाळपर्यंत शिवम येऊन सगळं करून गेला. बँडेजची पट्टी कचऱ्यात गेली, चिठ्ठी फाडली गेली. सत्यशीलाच्या नावाचं खातं झालं आणि पहिला कोड तिच्या स्वतःच्या मोबाइलवर खणकला. नऊ वर्षांनी तिच्या कामाला तिचं नाव लागलं. त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकासाहेबांचा फोन आला. आवाज लोण्यासारखा.

"सत्यशीले, डॉक्टरसायबांचा फोन आला व्हता. कुण्या हॅकरनं केलं म्हणं. मी तुला लई बोललो, मनावर घेऊ नको. मल्हाररावाला सांग, मेंढ्या खुशाल येऊ दे."

"बरं, काका."

"आन् एक काम व्हतं. श्रेयाला दुसरं स्थळ आलंय, सोयगावचं. पोरगा मागं तुमच्या दवाखान्यात आडमिट व्हता, असं कळलं. त्याला काय झालं व्हतं, तेवढं फाईलीत बघून सांग की. आता तर फाईलीचा कोड तुझ्याच फोनवर येतो म्हणं."

सत्यशीलाचा आधी ऐकलं त्यावर विश्वास बसेना. मग आतून उसळलं. गेल्याच आठवड्यात ज्याच्या लेकीचं असं झालं, तो बाप आज हे मागतोय!

"नाय, काका."

"अगं, कुणाला कळतंय? एकदा बघायचं. पोरीच्या जन्माचा सवाल हाये."

"श्रेयाची फाईल बी असंच एकदा बघायचं म्हणून उघडली व्हती. चौकशीसाठी. कुणी हॅकर-बिकर नव्हता."

 मग काकासाहेबांचा आवाज एकदम बदलला. "म्हंजे तुला ठावं हाये? कुणी उघडली? बोल, कोण हाये तो? मला सांग, मंग बघतो एकेकाला."

डॉक्टर केबिनच्या दारात येऊन उभे होते. हातानं नको नको म्हणत होते. सत्यशीलानं त्यांच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली नाही.

"तुमाला नाय सांगणार, काका," ती म्हणाली. "फोन श्रेयाकडं द्या. फाईल तिची व्हती. तिला सांगते."